डिचोलीचा उतार

सह्याद्रीच्या बहुतेक घाटांत ओझ्याची गाडी चढते तशीच उतरतेही, आणि म्हणून तेथील चालकांच्या स्मृतीत चढाचे कष्ट व उताराचे भय ही दोन्ही सारखीच साठलेली असतात. परंतु गोव्याच्या डिचोली महालातील रस्त्यांची हकीकत याहून निराळी आहे. येथे लोहखनिज डोंगराच्या पोटात आणि ते मुरगाव बंदराकडे वाहून नेणारी नदी डोंगराच्या पायथ्याशी, अशी निसर्गाचीच मांडणी असल्यामुळे, खाणी भरभराटीला आल्यापासून भरलेली गाडी सदैव उतरत आली आणि रिकामी गाडी सदैव चढत आली. इतरत्र यंत्राची जी परीक्षा चढावर होते ती डिचोलीत उतारावर झाली, आणि गाडीच्या सर्व अवयवांमध्ये ज्याचा कस येथे सर्वाधिक लागला तो अवयव म्हणजे ब्रेक. गोव्याच्या खाणव्यवसायाची दफ्तरे चाळली तर खाणपट्ट्यांच्या सनदा, निर्यातीचे टन, जहाजांच्या फेऱ्या आणि सरकारी महसुलाचे आकडे विपुल सापडतात. पण एवढा पर्वतप्राय माल कड्याकपारींवरून नदीच्या धक्क्यापर्यंत कोणी आणि कशाच्या भरवशावर उतरवला, याचा उल्लेख क्वचितच आढळतो. ज्या कारागिरांनी लायनर चढवले, ड्रम घासले आणि पावसाळ्यात गंजून बसलेली चाके मोकळी केली, त्यांचा या व्यवसायाच्या इतिहासावर खाणमालकाइतकाच हक्क आहे असे मला वाटते, आणि त्याच भूमिकेतून हा लेख लिहीत आहे.

डिचोली हे मोटारीच्या कितीतरी आधीपासून वाहतुकीचे ठाणे होते. भतग्राम या नावाने ओळखला जाणारा हा महाल आदिलशाही, मराठे आणि सावंतवाडीकर भोसले यांच्या अंमलातून जाऊन १७८० च्या दशकात, सत्तरी व पेडण्याच्या मागेपुढे, पोर्तुगीजांच्या नव्या काबिजादीत सामील झाला. वर बेळगाव प्रांत आणि खाली मांडवीचे जलमार्ग यांच्या मधोमध हे गाव वसलेले असल्यामुळे घाटमाथ्यावरून उतरणारे धान्य येथे येई आणि कोकणचे मीठ, नारळ व सुकी मासळी येथून वर जाई. रामघाटासारख्या बिकट वाटांवर हा व्यापार लमाणांच्या बैलांच्या पाठीवरूनच चाले. चाकाच्या गाडीला सपाटीची किंवा सौम्य उताराची वाटच मानवत असे. तरीही जांभ्याच्या कातळावरून नदीकडे उतरणारी प्रत्येक पायवाट जिथे गाडीवाट झाली, तिथे गाडी धरण्याचा प्रश्न उभा राहिलाच.

त्या काळी गाडीचा ब्रेक म्हणजे बैलाची मान. भरल्या गाडीचा सारा रेटा उतारावर जुवातून बैलांच्या मानेवर येई आणि खूर रोवून, अंग मागे रेटून ती मुकी जनावरे गाडी थोपवीत. जाणता गाडीवान उतार लागण्यापूर्वी थांबून ओझे थोडे मागे सरकवी, म्हणजे जुवावरचा भार हलका होई. आणि उतार फारच तीव्र असला तर मागच्या बाजूस एक आडवे लाकूड दोरांनी बांधून ते चाकांच्या लोखंडी धावेवर आवळी. धाव त्या लाकडावर घासे, लाकूड तापे, करपे आणि झिजे, पण चाक वाचे. झिजायचेच असेल तर ते स्वस्त आणि सहज बदलता येणाऱ्या वस्तूने झिजावे व मौल्यवान वस्तू शाबूत राहावी, हा जो विचार त्या आडव्या लाकडात होता, तोच आजच्या मोटारीच्या ब्रेक-पॅडमध्ये आहे. मधल्या काळात बदलले ते केवळ द्रव्य.

हे द्रव्य बदलण्याची कथाही अशाच एका टेकड्यांच्या मुलखात सुरू होते. इंग्लंडातील डर्बीशायरच्या चढउतारांवर गाडीवान लाकडी ठोकळ्यांना जुन्या बुटांचे चामडे ठोकून गाड्या थोपवीत असत, ते पाहून हर्बर्ट फ्रूड नामक गृहस्थाने १८९७ साली सुती पट्टे डांबरी द्रव्यात भिजवून ब्रेकाचे अस्तर, म्हणजेच लायनर, तयार केले. पुढे त्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू आले, आणि त्याच्या कारखान्याचे फेरोडो हे नाव इतके दूरवर गेले की मुंबईत घाटकोपर येथेही हिंदुस्थान फेरोडोचा कारखाना उभा राहिला. १९०२ साली फ्रान्समध्ये लुई रेनॉ याने ड्रम-ब्रेकाची रचना सिद्ध केली आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर याने डिस्क-ब्रेकाचे पेटंट घेतले. पण लँचेस्टरच्या डिस्कवर तांब्याचे तुकडे घासत आणि त्यातून असह्य किंकाळी निघे, शिवाय उघड्या डिस्कवर त्या काळच्या कच्च्या रस्त्यांची धूळ बसे. त्यामुळे पुढील अर्धशतकभर मोटारींच्या जगावर झाकलेल्या ड्रमचेच राज्य राहिले. डिस्कला प्रतिष्ठा मिळाली ती १९५३ साली, जेव्हा ल मान्सच्या शर्यतीत जॅग्वार गाड्यांनी डिस्क-ब्रेकांच्या बळावर विजय मिळवला, आणि १९५५ साली सित्रोएनची डी. एस. गाडी पुढच्या चाकांना डिस्क घेऊनच बाजारात आली. नेमक्या त्याच वर्षांत डिचोलीच्या डोंगरांवर ट्रकांची रांग लागू लागली होती, परंतु तिच्या चाकांत ड्रम होता. आणि डिचोलीतल्या ब्रेकाच्या विद्येचा बहुतांश भाग म्हणूनच ड्रमची विद्या आहे.

पोर्तुगीज गोव्यात मोटार आली तेव्हा ती प्रथम प्रवासी घेऊन आली. जिला लोक कारेर म्हणत ती प्रवासी गाडी गावोगाव फिरू लागली, आणि पोर्तुगालने १९२८ साली वाहने उजवीकडून हाकण्याचा कायदा केला तरी जमिनीच्या सर्व बाजूंनी ब्रिटिश अंमलाखालील मुलखाने वेढलेल्या गोव्यात डावीकडून हाकण्याचीच वहिवाट कायम राहिली. खाणींसाठी पोर्तुगीज वसाहतींना लागू असलेला १९०६ चा कायदा होता. त्याच्या आधारे खाणपट्ट्यांच्या सनदा दिल्या गेल्या, तथापि खनिजाला खरी मागणी आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, जेव्हा जपानचे पोलाद-कारखाने पुन्हा पेटले. एकोणीसशे पन्नासच्या दशकाच्या आरंभी खाणमालक चौगुले यांनी जपानी कंपन्यांशी केलेल्या करारानंतर शिरगावच्या खाणीवर यंत्रे आली. डिचोली, लामगाव, मये, पाळी, वेळगे या गावांचे डोंगर फुटू लागले. आणि सारमानस, आमोणे, कुडणे येथील धक्क्यांवरून बार्जी मांडवीत उतरू लागल्या. १९५५ पासून भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हा बेळगावकडील बाजार तुटला आणि गोव्याला लागणारा माल समुद्रमार्गाने येऊ लागला. ट्रकही आले आणि त्यांचे सुटे भागही. आयातीवर फारसा निर्बंध नसल्यामुळे त्या काळच्या गोव्यात युरोपीय गाड्यांचे जे वैविध्य दिसे ते उर्वरित हिंदुस्थानात दुर्मीळ होते, आणि डिझेलवर चालणाऱ्या मर्सिडीज टॅक्सी तर मुक्तीनंतरही कैक वर्षे गोव्याच्या रस्त्यांवर धावत होत्या.

भरल्या ट्रकाच्या उतरण्यात ब्रेकावर नेमके काय गुदरते, हे एका हिशेबाने स्पष्ट होईल. दहा टन खनिज भरलेली दोन आसांची गाडी स्वतःच्या वजनासह सोळा टनांच्या आसपास भरते. ती शंभर मीटर उंचीवरून खाली आली की जेवढी ऊर्जा मोकळी होते तिच्यावर सुमारे पन्नास लिटर पाणी उकळीला यावे. आणि गाडीचा वेग वाढू द्यायचा नसेल तर ही सारी उष्णता कोठे तरी गेली पाहिजे. तिचा काही भाग खालच्या गिअरमध्ये इंजिन शोषते, उरलेली ड्रमच्या ओतीव लोखंडात आणि लायनरमध्ये शिरते. ड्रम तापला की तो फुगतो, लायनरपासून दूर सरतो आणि पेडल अधिक खोल जाते. लायनर मर्यादेपलीकडे तापला की त्यातील राळ जळू लागते, त्याच्या पृष्ठभागावर काचेसारखी चकाकी येते आणि घर्षणच नाहीसे होते. चालक पाय दाबतो आहे, पेडल घट्ट आहे, आणि गाडी मात्र थांबत नाही, हा अनुभव ज्याने एकदा घेतला तो पुन्हा उतारावर गिअर काढीत नाही. ज्या गिअरने चढायचे त्याच गिअरने उतरायचे, हा जुन्या चालकांचा दंडक होता. आणि डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलवर सोडणाऱ्याला भला मालक कामावर ठेवीत नसे.

आता त्या चाकाजवळ थोडे बसून पाहू. ट्रक जॅकवर चढवून खाली ठोकळे लावले जातात, चाक उतरते, आणि मग ड्रम ओढून काढावा लागतो, कारण झिजलेल्या ड्रमच्या तोंडाशी एक कड उभी राहिलेली असते आणि लायनर तिला अडकतो. ड्रम निघाला की आत जी भुकटी दिसते ती अन्य प्रांतांतील गॅरेजांत दिसणार नाही, कारण लायनरच्या काळ्या भुकटीत येथे खनिजाची तांबडी धूळ मिसळलेली असते. ही धूळ म्हणजे हेमॅटाइट. त्याचीच अतिसूक्ष्म पूड सोन्याला चकाकी आणण्यासाठी वापरतात, यावरून तिच्या अंगी घासण्याचा गुण किती आहे हे कळावे. लायनर आणि ड्रम यांच्या मध्ये ती सापडली की दोन्ही खाते, आणि ड्रमच्या आतल्या अंगावर बोटाला लागतील अशा रेघा पाडते. कारागीर प्रथम ड्रम टांगून त्यावर हातोडीचा हलका ठोका मारतो व नाद ऐकतो. स्वच्छ घुमला तर ड्रम साबूत, बद्द बोलला तर कोठे तरी तडा आहे आणि ड्रम बाद. साबूत ड्रम लेथवर जातो आणि रेघा जाईपर्यंत आतून कातला जातो, पण कारखान्याने ठरवून दिलेल्या कमाल व्यासापलीकडे नाही, कारण पातळ झालेला ड्रम उष्णता साठवू शकत नाही आणि भर उतारावर फुटतो.

इकडे ड्रमला आतून दाबणाऱ्या अर्धवर्तुळाकार शूवरचे जुने लायनर छिन्नीने रिव्हेट तोडून काढले जातात, शू तारेच्या ब्रशने घासून लख्ख केला जातो, आणि नवा लायनर त्यावर बसवून तांब्याचे किंवा पितळेचे रिव्हेट ठोकले जातात. येथे नवशिका आणि मुरलेला कारागीर यांतला फरक कळतो. नवशिका एका टोकाकडून ठोकीत जातो. मुरलेला मधल्या रिव्हेटपासून आरंभ करून दोन्ही टोकांकडे सरकतो, त्यामुळे लायनर शूला अंगोअंग चिकटतो आणि मध्ये पोकळी राहत नाही. पोकळी राहिली तर लायनर तेवढ्याच जागी तापतो आणि तडकतो. मग टोके कानशीने किंचित उतरवायची, ड्रम चढवायचा, ॲडजस्टर आवळून चाक हाताने फिरवून पाहायचे, आणि लायनर ड्रमला नुसता स्पर्श करतो आहे असा बारीक आवाज येईपर्यंत ते जुळवायचे. हे कान आणि बोटांचे काम आहे, आणि ते शिकायला वर्षे जात.

या विद्येची एक दुःखद बाजूही सांगितली पाहिजे. ड्रममधील भुकटी उडवण्यासाठी पूर्वी तोंडाने फुंकर मारीत, पुढे हवेची नळी आली तेव्हा तिने उडवीत. आणि त्या भुकटीत ॲस्बेस्टॉसचे तंतू असत. हे तंतू फुप्फुसात रुतले की दोन-तीन दशकांनंतरही जीवघेणा आजार उभा करतात, हे जगाला ठाऊक झाले होते तेव्हाही आपल्याकडील गॅरेजांत नाकाला साधे फडके बांधण्याची पद्धत नव्हती. आज ॲस्बेस्टॉसविरहित लायनर सर्वत्र मिळतात. तरीही जुन्या ड्रमवर फुंकर मारू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावे, एवढे प्रत्येक शिकाऊ मुलाला पहिल्या दिवशी बजावून सांगितले पाहिजे.

१९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि काही वर्षांतच भारतीय परवाना-पद्धतीचा अंमल येथेही बसला. परदेशी ट्रकांचे सुटे भाग दुर्मीळ झाले; आणि जमशेदपूरला जर्मन सहकार्याने १९५४ पासून बनू लागलेल्या टाटांच्या गाड्यांनी हळूहळू खाणीचा रस्ता व्यापला. जुन्या परदेशी गाड्या चालू ठेवण्यासाठी भारतीय लायनर कापून, घासून, नवी भोके पाडून त्यांच्या शूंवर बसवण्याची खटपट कारागिरांनी केली. दक्षिणेत ब्रेक्स इंडिया आणि राणे ब्रेक लायनिंग यांसारखे कारखाने १९६० च्या दशकात उभे राहिले, तेव्हा ही टंचाई ओसरली. मोठ्या टिपरांना पुढे हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक आले, आणि त्यांनी डिचोलीच्या दमट हवेत एक नवे कर्तव्य निर्माण केले: कॉम्प्रेसरने कोंडलेल्या हवेतली वाफ टाकीत थंड होऊन तिचे पाणी साचते, म्हणून टाकीखालची तोटी उघडून ते वेळच्या वेळी काढून टाकणे. जो चालक हे विसरे त्याच्या व्हॉल्व्हांत गंज शिरे आणि ब्रेक लागायला किंवा सुटायला उशीर होऊ लागे.

पावसाळा हा या व्यवसायाचा विश्रामकाळ. जून ते सप्टेंबर खनिजाची वाहतूक थंडावे, आणि गाड्या घराशेजारी उभ्या राहत. परंतु उभी गाडी ही ब्रेकाच्या दृष्टीने धावत्या गाडीहून अधिक रोगट असते. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या मुलखात चार महिन्यांत ड्रमवर गंजाचा थर बसतो, हँडब्रेक लावून ठेवला असेल तर लायनर ड्रमला चिकटून राहतो, आणि सिलिंडरातील रबरी वॉशर ताठर होतात. म्हणून गणेश चतुर्थी आटोपली की गॅरेजांत गर्दी होई आणि दसऱ्याला गाडीची पूजा होण्यापूर्वी ब्रेकाचे काम पुरे झालेच पाहिजे असा प्रघात पडला. बुधवारच्या डिचोलीच्या बाजारात भाजी घ्यायला आलेला गाडीवालाही जाताना लायनरचा संच काखेत मारून जाई.

नव्या शतकात चीनची मागणी आली आणि सारे प्रमाण बदलले. २०१०-११ च्या सुमारास गोव्याच्या बंदरांतून वर्षाकाठी पाच कोटी टनांच्या आसपास खनिज बाहेर जात होते. यात कर्नाटकातून आलेला माल आणि यंत्राच्या सरकत्या पट्ट्यांवरून वाहिलेला मालही आहे, तथापि हिशेबापुरते पाहिले तर एवढा माल म्हणजे दहा टनी गाडीच्या पन्नास लाख खेपा. मोबदला खेपेवर असल्यामुळे दिवसाला एक खेप अधिक मारण्याचा मोह प्रत्येकाला होता, गावोगावच्या कुटुंबांनी बँकेचे कर्ज काढून ट्रक घेतले होते, हप्ता चुकवून चालत नव्हते, आणि ब्रेकाचे काम म्हणजे बुडालेला दिवस असा हिशेब होऊ लागला. अरुंद रस्त्यांवर शाळेची मुले, दुचाकीस्वार आणि टिपर यांची जी दाटी झाली तिच्यात माणसे दगावली, आणि त्या मृत्यूंची जबाबदारी केवळ चालकांवर टाकणे अन्यायाचे होईल. खेपेचा दर ठरवणारी व्यवस्थाच दुरुस्तीला वेळ ठेवीत नव्हती.

मग २०१२ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या. मधल्या काळात त्या अंशतः सुरू झाल्या आणि २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा बंद पडल्या. ट्रक एका पावसाळ्यासाठी नव्हे, तर वर्षानुवर्षे उभे राहिले. अनेक भंगारात गेले. ज्यांना मालकांनी जपले त्यांच्यावर डिचोलीच्या कारागिरांनी आपल्या आयुष्यातले सर्वांत अवघड काम केले, कारण झिजलेला ब्रेक दुरुस्त करण्यापेक्षा गोठलेला ब्रेक सोडवणे कठीण असते: ड्रम तापवून, ठोकून, शू अखंड राहतील अशा बेताने ओढून काढावा लागतो, आणि मग रबराचा प्रत्येक तुकडा व प्रत्येक नळी नवी घालावी लागते. लिलाव होऊन २०२४ मध्ये डिचोलीच्या खाणपट्ट्यात काम पुन्हा सुरू झाले, तेव्हा रस्त्यावर आलेल्या जुन्या गाड्यांच्या मागे हे श्रम होते.

दरम्यान गॅरेजातला धंदा पुष्कळसा मोटारींकडे वळला होता. ॲम्बॅसिडर आणि फियाटच्या काळात चारही चाकांना ड्रम असे. आजच्या बहुतेक गाड्यांच्या पुढच्या चाकांना डिस्क आणि पॅड असतात, आणि रिव्हेट ठोकणाऱ्या हातांना ही नवी रचना प्रथम फार सोपी वाटली. दोन बोल्ट सोडले की पॅड धरणारा कॅलिपर वर उचलला जातो आणि पॅड हातात येतात. पण सोपेपणामुळेच येथे हयगय होते. पावसाळ्यात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर सकाळी तांबूस गंज दिसतो, तो पहिल्या चारदोन ब्रेकांत पुसला जातो आणि त्यात भिण्यासारखे काही नाही. भिण्यासारखे आहे ते कॅलिपरच्या गाइड-पिनांचे गंजणे, कारण पिन अडकली की आतला पॅड झिजून लोखंडाला लागतो आणि बाहेरचा मात्र नवाकोरा दिसतो. चाकाच्या फटीतून डोकावणाऱ्याला तो बाहेरचाच पॅड दिसतो आणि त्याची फसगत होते. म्हणून पावसाळ्याआधी एकदा व नंतर एकदा पिना काढून, पुसून, उष्णता सोसणारे ग्रीस लावावे. पॅडचे अस्तर तीन मिलिमीटरवर आले की बदलावे. डिस्कच्या कडेला नखाला अडकेल असा काठ उभा राहिला तर तिची जाडी मोजावी आणि तिच्यावरच कोरलेल्या किमान मापाखाली ती गेली असेल तर लेथवर न घेता सरळ नवी घालावी.

ब्रेक-ऑइलकडे तर बहुतेकांचे दुर्लक्षच होते. ते हवेतली आर्द्रता शोषून घेते. साध्या प्रतीचे ऑइल कोरडे असताना २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरले की तीच मर्यादा १४० अंशांपर्यंत घसरू शकते. चोर्ला घाट उतरताना ते उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल थेट तळाला जाते. गोव्याच्या हवेत दोन वर्षांनी ते बदलणे ही चैन नाही.

पेडण्यात मोपाच्या पठारावर २०२३ च्या जानेवारीत विमाने उतरू लागल्यापासून भाड्याच्या गाड्या घेऊन घाटांत शिरणारे नवखे चालक वाढले आहेत. स्वयंचलित गिअरच्या गाडीत खालचा गिअर हाताने निवडता येतो हे त्यांच्यापैकी अनेकांना ठाऊक नसते, आणि ते सबंध उतार ब्रेकावर पाय ठेवून काटतात. निळसर डाग पडलेल्या, स्टिअरिंगला थरथर आणणाऱ्या त्यांच्या डिस्का घाटाच्या पायथ्याच्या गॅरेजांत येतात, आणि त्या बदलणारा तरुण बहुधा टिपरचे ड्रम कातणाऱ्या कारागिराच्या हाताखाली तयार झालेला असतो. ड्रमच्या आवाजावरून तडा ओळखणारी ती पिढी आता साठीपलीकडे गेली आहे. कोणत्या उतारावर कोणत्या गाडीचे लायनर किती खेपांत संपत, परदेशी शूवर देशी लायनर कसा बसवीत, २०१२ नंतर गोठलेली चाके कोणत्या क्रमाने सोडवली, हे सारे तिला तोंडपाठ आहे, आणि डिचोलीच्या शाळा-महाविद्यालयांतील इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी वही घेऊन गॅरेजात जाऊन ते या एक-दोन वर्षांतच उतरवून घेतले पाहिजे.